लँगली मिसचा डबा

३ मे २०१२, गुरुवार

नाही, मला हॉकीची आठवण येत नाही. अजिबात नाही! कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवते. स्टिक सोडली त्याला जमाना झाला. गुडघे आठवण काढतात तेवढी पुरे.

सकाळी चौकसे जी आला. मैदानाच्या कमिटीचा सचिव. एरवी रस्त्यात दिसला तं तोंड फिरवतो. आज वाकून पाया पडला! तेव्हाच मी समजली, काहीतरी आहे.

"अम्मा जी, लंदन से मैडम आ रही हैं. खास आपसे मिलने."

मी म्हटलं, काहून? माझ्याजवळ काय आहे?

तं म्हणे यंदा लंडनला ऑलिंपिक आहे. इंग्रजांनी आपले खेळ कुठं कुठं नेऊन पोचवले त्याचं प्रदर्शन लावून राहिले ते. अन् आपल्या जबलपूरच्या मैदानावर शाळेतल्या लँगली मिसनं पोरींना हॉकी शिकवली, त्या टीममधली मी उरली अन् शकु उरली. शकुला ऐकू येत नाही. म्हणून मी.

"हेरिटेज है अम्मा, हेरिटेज!" — पाच वेळा म्हणाला. मैदानाचा नळ दोन वर्षांपासून तुटला आहे, त्याच्याबद्दल एकदा नाही.

४ मे

विनीतानं पडदे धुतले. सोफ्याचं कव्हर बदललं. काजू आणले. सून आहे, हौस आहे, ठीक. पण मला म्हणते, "आई, ती बनारसी नेसा." बनारसी! मी काय लग्नाला चालली?

ज्योती वेगळीच नाचून राहिली. नात माझी, बारावी झाली, त्याच मैदानावर खेळते. "दादी, मैं उनसे टर्फ मांगूँगी." ऑलिंपिकची हॉकी आता गालिच्यावर होते म्हणे, अन् आमच्या पोरी मुरुमात. फेब्रुवारीत आपल्या बायांची टीम दिल्लीत हरली अन् लंडन हुकलं, तेव्हापासून ही पोट्टी टर्फ-टर्फ करते. माग बापा. मागायला काय जाते.

६ मे, रविवार

आली ती मॅडम. हेलन नाव. साठीची असेल. उन्हानं टमाट्यासारखी लाल. सुती सलवार घालून आली अन् खाली बसली चटईवर, सोफा सोडून. विनीताचं तोंड पाहण्यासारखं झालं.

लँगली मिसची भाची निघाली! मिस मेली म्हणे मागच्या वर्षी, फार म्हातारी होऊन. मला वाटलं होतं केव्हाचीच गेली असेल.

फोटो दाखवला. आम्ही अकरा जणी, पांढरे फ्रॉक, गुडघ्याखाली. मी टोकाला, दोन वेण्या, कॅनव्हासचे जोडे. माझा चेहरा पाहून ज्योती म्हणते, "दादी, आप तब भी गुस्से में थीं?" होती. सूर्य डोळ्यात होता.

हेलन इंग्रजीत विचारे, ज्योती हिंदीत करे, मी मराठीत बोलू, पोट्टीला अर्धं कळे. काय काय गेलं असेल तिकडे, देव जाणे. मिस कशी होती? — कडक होती. तुम्हाला आवडायची? — शिट्टी आवडायची नाही. हे ऐकून ती हसली अन् मग डोळे पुसले. नाटक वाटलं मला.

एक गोष्ट लिहून ठेवते. तिच्याजवळ बिस्किटाचा डबा होता. पत्र्याचा, लाल चौकड्यांचा. आम्हाला वाटलं भेट आणली. विनीतानं हात पुढे पण केला. तं तिनं मांडीवर ओढून घेतला! बिस्किटाचा डबा कोणी मांडीवर धरून बसते?

७ मे

कपाचं सांगते. काल हेलननं विचारलं अन् मी टाळलं.

लँगली मिसचा एकच नियम. बायांनी कपासाठी खेळायचं नाही. ना कप, ना पदक, ना लीग. खेळा, हात मिळवा, चहा प्या, घरी जा. त्यांच्या इंग्लंडात बायांच्या हॉकीचा हाच कायदा होता म्हणे. भोपाळहून एकदा चांदीच्या कपाच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तं मिसनं सरळ नाही म्हटलं. टीममधली प्रतिमा रडली. मिस म्हणाली — हिंदी तिचं मोडकंच — "कप में चाय पियो, रोओ मत."

त्या कायद्यामुळेच बायांची हॉकी ऑलिंपिकमध्ये इतक्या उशिरा आली, असं काल हेलन स्वतः म्हणाली. पुरुष केव्हापासून पदकं घेऊन राहिले! बाया आल्या ऐंशी साली, मॉस्कोला. मी तेव्हा चाळिशीला आलेली. कणीक मळत होती, रेडिओवर ऐकलं. हात थांबले नाहीत. पण कणीक पातळ झाली त्या दिवशी.

तं मला कोणी विचारू नका मिस आवडायची का.

९ मे, बुधवार

संशय उगाच येत नाही मला.

सकाळी दूध घ्यायला गेली तं मैदानावर चौकसे अन् एक जाड माणूस, फीत लावून मोजून राहिले. गोलपोस्टापासून नीमाच्या झाडापर्यंत. अन् मधोमध कोण? हेलन! डबा काखेत. खाली वाकून माती चिमटीत घेते, पाहते, सोडते. सराफ्यात सोनं पाहावं तशी.

मला पाहून चौकसे ओरडला, "अम्मा, धूप में मत घूमो!" माझी काळजी? याला?

घरी येऊन म्हटलं, हे दोघं मिळून आहेत. मोहन पेपरातून मान वर न करता म्हणाला, "आई, तुला सगळेच मिळून दिसतात." माझाच लेक!

१० मे

शकु आली. ऐकू येत नाही, पण खबर सगळी हिला. हिच्या भाच्याचं टेंटहाउस आहे.

"मैरिज गार्डन बनून राहिलं!" — एवढ्या जोरात की गल्लीनं ऐकलं. आमच्या मैदानावर! तो जाड माणूस हलवाई-ठेकेदार. नाव काय तं 'ओलंपिक मैरिज गार्डन'. गेटवर लँगली मिसच्या नावाचा दगड, तो इंग्लंडच्या मॅडमच्या हातून, फोटो पेपरात. म्हणजे हेरिटेज झालं, कोणी बोट दाखवू शकत नाही. देवउठनी एकादशीपासून लग्नं लागणार.

अन् पोरी? पोरींसाठी नाल्यामागची जागा. तिथं म्हशी जात नाहीत!

ज्योतीला सांगितलं. ती जेवली नाही. जुलैत तिची निवड चाचणी आहे. खेळायला जागा नाही तं चाचणी कशाची.

१२ मे

हेलन पुन्हा आली. म्हणाली चौकसे तिला भेडाघाटला बोटीत नेऊन राहिला, पाण्यात डबा नको, पडेल. संध्याकाळपर्यंत ठेवाल का?

ठेवते म्हटलं. लगेच म्हटलं!

ती गेली अन् मी डबा हलवला. बिस्किटं नाहीत. जड. आतून सळसळ होते. झाकणाला चिकटपट्टी. उघडला नाही. उघडणार होती, पण विनीता आली. लोणच्याच्या बरणीजवळ ठेवून दिला.

संध्याकाळी ती आली, तं मी डबा दिला नाही. म्हटलं, ज्योती, विचार तिला सरळ. यात काय आहे? अन् मैदान विकायला तू काहून आली?

मैरिज गार्डनचं ऐकून ती पांढरी पडली. लाल बाई, पण पांढरी पडली! तिला फक्त दगडाचं सांगितलं होतं. बागेत लोक बसतील, पोरी खेळतील, असं सांगितलं होतं चौकसेनं. तिच्याकडे टर्फ-बिर्फ द्यायला काही नाही. साधी बाई, गावातल्या छोट्या प्रदर्शनासाठी फोटो गोळा करते. तिकीट पण स्वतःच्या पेन्शनीतून.

मग डब्याचं बोलली. बराच वेळ बोलली. ज्योतीचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणते?"

"दादी..." पोट्टीनं हात मागे घेतले. "डब्ब्यात मिस आहे."

१३ मे, रविवार

विनीतानं सगळं स्वयंपाकघर धुतलं. डाळी फेकल्या. लोणचं फेकलं — माझं लोणचं, कैरीचं, यंदाचं! नर्मदेचं पाणी शिंपडलं. मला आंघोळीला पाठवलं, मग ज्योतीला, मग मोहनला. तो घरी पण नव्हता त्या वेळी.

"मुर्दा रखवा लिया घर में!" रडून राहिली. मी म्हटलं, राख आहे, मुर्दा नाही. तं जास्त रडली.

इंग्रजांचं असंच म्हणे. राख घरात ठेवतात, फडताळावर. मग माणसाला आवडे त्या जागी टाकतात. बागेत, डोंगरावर. अन् मिसनं मरायच्या आधी सांगितलं, मला जबलपूरच्या मैदानात टाक, मधोमध, जिथं बुली व्हायची.

बुली आता कोणाला माहीत! मॅच तशीच सुरू व्हायची. दोघी समोरासमोर, मधे बॉल. स्टिक जमिनीला टेकवा, मग एकमेकींच्या स्टिकला. असं तीनदा. अन् मग झपटा! आमच्याकडून मीच जायची. मिस बाजूला उभी, शिट्टी तोंडात. तिला तिथं यायचं होतं.

हेलनला वाटते केवढा मान! हिला कोण समजावेल, आमच्यात राख नर्मदेला जाते. जमिनीत राहिली तं ती जागा मसण. तिथं कोणी लग्न लावणार नाही.

हे लिहिलं अन् हात थांबला.

लग्न लावणार नाही!

१४ मे

पण विनीता सकाळीच बोलली. "त्या मैदानात राख पडली तं ज्योती तिथं पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते, आई." बाकीच्या आया पण तशाच. बेबी म्हणे पोरीचं लग्न ठरायचं आहे. अंजनी म्हणे आमच्या पोरीला वारा लागतो.

म्हणजे लग्नंही जातील अन् पोरीही जातील. मैदान मोकळं, कुत्र्यांना.

दिवसभर काही सुचलं नाही. भाजी जळली.

१५ मे

हेलन आली, दारातच उभी राहिली. विनीतानं आत बोलावलं नाही. मी बाहेर खुर्ची टाकली.

म्हणाली, माफ करा, मिसला परत इंग्लंडला घेऊन जाते. मी म्हटलं बस. मग विचारलं, जे आजवर मनात होतं. ऐंशी साली तुझी मावशी काय म्हणाली? बाया ऑलिंपिकला गेल्या तेव्हा?

हेलनचे स्वतःचे लोक तेव्हा गेले नव्हते, इंग्लंडच्या बाया. आपल्या गेल्या होत्या. मिसनं टीव्ही लावला. पदकांना नावं ठेवली. अन् मग भाचीला म्हणाली, तुझे डोळे चांगले आहेत, जवळ जाऊन पाहा — माझ्या जबलपूरच्या पोरी दिसतात का त्यात.

ज्योतीनं हे सांगितलं अन् दोघी माझ्याकडे पाहत बसल्या. मी म्हटलं, चहा ठेव.

एक गोष्ट आठवली मग. छप्पन साली नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आमचे सगळे नातलग तिकडे, आम्ही फॅक्टरीच्या नोकरीपायी इकडे राहिलो. बाबा घाबरत. परक्या लोकांत पोरीचं नाव होऊ नये. सातवीत शाळा सोडवली. मिस घरी आली होती, खेळायला तरी पाठवा म्हणून. बाबांनी विचारलं, बक्षीस देता? पेपरात नाव येते? लोक पाहायला येतात? मिस म्हणाली, नाही, नाही, नाही.

"मग जा," म्हणाले बाबा.

कप असता तं मी घरीच राहिली असती. हे मला आज कळलं! म्हातारी झाली, आज.

१९ मे, शनिवार

उद्या दगडाचा कार्यक्रम. चौकसे सांगून गेला, "अम्मा, बस दो शब्द. मैडम ने सिखाया, हम धन्य हुए. इतना ही."

दोनच बोलणार आहे.

२० मे, रविवार

मंडप, कूलर, खुर्च्या. हलवाई पहिल्या रांगेत, सोन्याची साखळी घालून. चौकसेचं भाषण संपेना. ब्रिटिश, ऑलिंपिक, परंपरा, आमची अम्मा. अम्मा! मग मला माईक दिला.

मी म्हटलं, "लँगली मिस यहीं आ गई हैं."

टाळ्या! त्यांना वाटलं आत्मा-बित्मा म्हणते.

मी म्हटलं, "सच में आई हैं. वो डिब्बे में हैं. उनकी राख है. उनकी आखिरी इच्छा थी, इसी ग्राउंड में, बीचोबीच. चौकसे जी ने मैडम को बुलाया है, तो इच्छा तो पूरी करनी पड़ेगी."

हेलन डबा धरून पहिल्या रांगेत, हलवायाच्या बाजूला. तो उठला. खुर्ची पडली. "चौकसे जी, ये तो आपने बताया नहीं!" चौकसे म्हणे मला माहीत नाही, मैडम, नो, नो! हेलन म्हणे, यस. एवढं तिला कळलं.

शकु ओरडून विचारे, "काय झालं? काय झालं?" कोणीतरी कानात सांगितलं. तं तिनं हात जोडले डब्याला. फुटलेल्या आवाजात म्हणाली, "नमस्ते मिस." वर्गात म्हणत होतो तसं. आम्ही दोघींनी म्हटलं मग.

आया पोरींना ओढून घेऊन गेल्या. विनीता माझ्याशी बोलत नाही.

२१ मे

पोरी आल्या. सगळी टीम, आयांना न सांगता. अंगणात मावत नव्हत्या. ज्योती म्हणाली, "दादी, अब?"

मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. कोणी खिदळलं नाही. बाबारावची पोरगी, सगळ्यात लहान, तिला म्हटलं, तू भितेस? म्हणाली, "मिस से काहे का डर? वो तो अपनी टीम की हैं."

२२ मे, मंगळवार

दोन ऑटो केले. मी, शकु, हेलन, पोरी. स्टिका घेऊन.

आधी मैदानावर गेलो. मग नर्मदेवर, ग्वारीघाटला. डबा एकाच जागी उघडला.

हात धुतले. आलो.

२५ मे

हेलन गेली. शिट्टी देऊन गेली मला, मिसची. गळ्यात पडली, सगळ्यांसमोर! मी कडक उभी राहिली, तरी सोडेना.

मिठीत घेण्यासारखी बाई आहे. मी चुकली होती. एवढं पुरे.

९ जून

चौकसे आला. हलवायानं हात वर केले, पण दुसरा कोणी पाहून राहिला म्हणे. "अम्मा, बस इतना बता दो. नर्मदा जी में गईं, या ग्राउंड में?"

मी म्हटलं, चाय पिओगे?

विनीतानं पण विचारलं. मी म्हटलं, तुझ्या पोरीला विचार. ज्योतीनं जोड्याची नाडी बांधली अन् म्हणाली, "मम्मी, मैं खेलने जा रही हूँ." रोज जाते. बेबीची जाते, अंजनीची जाते. एवढ्या बिनधास्त जातात, म्हणजे नर्मदेतच गेली असेल, असं आयांनी ठरवलं.

चौकसेनं उलटं ठरवलं. म्हातारी सांगत नाही, म्हणजे मैदानातच.

मी कोणाला काही ठरवायला सांगितलं नाही.

२२ जुलै, रविवार

ज्योतीची चाचणी झाली. घेतलं! राज्याच्या कॅम्पला. विनीतानं पेढे वाटले, मला दोन दिले. बोलली पण. "साखर कमी खा, आई."

११ ऑगस्ट, शनिवार

काल टीव्हीवर इंग्रजांच्या पोरींनी ब्राँझ घेतलं. हॉकीत. गळ्यात पदकं घालून रडून राहिल्या. मी म्हटलं, मिस, पाहा, तुमच्याच पोरी! शिट्टी हातात होती. वाजवली एकदा. मोहन दचकला.

आज पोरींची मॅच होती. सुरू व्हायच्या आधी दोघी मधोमध गेल्या. स्टिक जमिनीला, मग स्टिकला स्टिक. तीनदा. पंच म्हणाला हा नियम केव्हाचा गेला. पोरी म्हणाल्या, हमारे यहाँ है.

गेटवर नवा ठेकेदार उभा होता. चौकसेनं त्याला माझ्याजवळ आणलं. "अम्मा, इनको बोल दो, डिब्बा कहाँ खोला था. भगवान की कसम, बस इतना."

नाही सांगत. त्यांना नाही, विनीताला नाही. या वहीत पण नाही.